कोसंब्यांची मूळ संख्यांवरची पैज

सुरतेहून बडोद्याकडे गाडी निघाली की सायण, कीम मागे टाकून ती कोसंबा स्टेशनात शिरते. उमरपाड्याकडे जाणारी गायकवाडी छोटी गाडी इथूनच फुटत असे, त्यामुळे आमच्याकडील जुन्या घरांतून हे नाव ऐकिवातले आहे. सुप्रसिद्ध पंडित दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे याच गावचे असावेत, अशी कोणाची समजूत झाली तर तिला हसू नये; नावच तसे आहे. परंतु ती समजूत खरी नव्हे. कोसंब्यांचे घराणे गोव्यातील सांखवाळचे. बडोद्याशी त्यांचा संबंध आला तो रेल्वेच्या वाटेने नव्हे, तर श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या गुणग्राहकतेच्या वाटेने.

दामोदरपंतांचे वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून निघालेले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट करून ते पालीचे पंडित झाले आणि कलकत्त्यास विद्यापीठात शिकवू लागले. बंगाल्यात मान होता, पण ही विद्या आपल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचावी ही त्यांची तळमळ. १९०८ च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि बडोदे सरकारासाठी ग्रंथलेखन करावे. धर्मानंदांनी कलकत्त्याची मोठ्या पगाराची जागा सोडून हे पन्नास रुपये पत्करले. त्या पन्नास रुपयांच्या आसऱ्याने एक गोवेकर कुटुंब पुण्यास येऊन स्थिरावले, आणि त्याच कुटुंबातला मुलगा पुढे मूळ संख्यांच्या मागे लागला. राजाश्रयाचे फळ कोणत्या फांदीला येईल, याचा नेम नसतो.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. पहिली शाळा पुण्याची. १९१८ साली, अकरा वर्षांचे असताना, ते वडिलांबरोबर आणि थोरल्या बहिणीबरोबर अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलाविले होते. मुलगा तिथल्याच शाळेत शिकला, मध्ये काही काळ स्वदेशी येऊन परत गेला, आणि १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला तो अत्युच्च सन्मानासह. गणितज्ञ बर्कहॉफ आणि नॉर्बर्ट वीनर यांच्यासारखी माणसे त्यांस तिथे भेटली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन या भाषा आल्या. फटकळपणाही आला, तो मात्र कोठून आला हे सांगणे कठीण, कारण वडील स्वभावाने सौम्य होते.

हिंदुस्थानात परतल्यावर प्रथम काशीचे हिंदु विद्यापीठ, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलाविणारा तरुण फ्रेंच गणितज्ञ आन्द्रे वेय हा होता. या दोघांचा एक विनोद गणिताच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला आहे. वेयच्या सांगण्यावरून कोसंब्यांनी १९३१ साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार दिला. असा रशियन कधी जन्मलाच नव्हता! पुढे चार वर्षांच्या आत फ्रान्समध्ये वेय व त्याचे मित्र यांनी मंडळ स्थापून त्याच कल्पित नावाने ग्रंथ लिहावयास घेतले, आणि बुर्बाकी हे नाव जगभर झाले. गणिताच्या छापील वाङ्मयात ते प्रथम अवतरले ते मात्र एका गोवेकराच्या लेखणीतून, आणि तेही उत्तर हिंदुस्थानातील एका नियतकालिकात.

१९३३ च्या सुमारास कोसंबी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले आणि सुमारे बारा वर्षे तेथे राहिले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. या काळातील त्यांची कामगिरी पाहिली म्हणजे एकाच माणसाने हे सारे केले यावर विश्वास बसत नाही. वक्र मार्गांच्या भूमितीवरील त्यांचे काम आज कार्तां आणि चर्न या दोन मोठ्या नावांबरोबर घेतले जाते. १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रातील एक पद्धत मांडली. ती पुढे दुसऱ्या दोघा युरोपियांच्या नावाने रूढ झाली. त्याच सुमारास गुणसूत्रांवर दोन गुणांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र त्यांनी दिले, ते मात्र त्यांच्याच नावाने चालते. गहू-भाताच्या नव्या जाती तयार करणाऱ्यांच्या हाती ते आजही असते. आणि या सर्वांच्या जोडीला जुनी चांदीची नाणी! तक्षशिलेस सापडलेल्या ठसे मारलेल्या नाण्यांपैकी हजारो नाणी त्यांनी सूक्ष्म काट्यावर तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते; तेव्हा झिजेच्या हिशेबावरून कोणते नाणे अगोदरचे व कोणते नंतरचे हे ठरविता यावे, ही त्यांची युक्ती.

त्या युक्तीत पुढील सर्व कथेचे बीज आहे. एका नाण्यास विचारून काही कळत नाही. कोणते का कमी झिजलेले असेल, कोणते का मुळातच हलके पडले असेल. पण हजार नाणी एकत्र घेतली की योगायोग एकमेकांस खोडून काढतात आणि नियम वर येतो. नाण्यांत ही गोष्ट फळास आली, गुणसूत्रांत आली. मग संख्यांत का येऊ नये, असा प्रश्न कोसंब्यांना पडला.

मूळ संख्या म्हणजे काय हे शाळेत शिकलेले सर्वांना आठवत असेल. एक आणि ती स्वतः यांवाचून जिला दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३ आणि पुढे. त्या कधी संपत नाहीत हे युक्लिडाने दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून दिले. पण त्या पडल्या कशा आहेत, ही खरी पंचाईत. शंभराच्या आत त्या २५ आहेत, हजाराच्या आत १६८, दहा हजारांच्या आत १,२२९, दहा लाखांच्या आत ७८,४९८. म्हणजे पुढे पुढे विरळ होत जातात. पण विरळ होण्यात शिस्त म्हणाल तर नाही. १३१९, १३२१ आणि १३२७ या तिन्ही मूळ संख्या कशा लगटून बसल्या आहेत. आणि त्यानंतर एकदम १३६१ पर्यंत एकही नाही.

सुरतेहून निघालेला एखादा असा रेल्वेमार्ग कल्पावा की आरंभी स्टेशने हाकेच्या अंतरावर, मग मैलामैलावर, मग पाचपाच मैलांवर येत आहेत. वेळापत्रक कोणाजवळच नाही. पुढचे स्टेशन नेमके केव्हा येईल हे गार्डालाही सांगता येत नाही. सांगता येते ते सरासरी अंतर. जर्मन गणितज्ञ गाउस याने पोरवयातच, कोष्टके चाळता चाळता, ते ओळखले होते. दहा लाखांच्या आसपास सरासरीने दर चौदा संख्यांमागे एक मूळ संख्या, कोटीच्या आसपास दर सोळांमागे एक. या हिशेबाने अमुक संख्येपर्यंत किती मूळ संख्या असाव्यात याचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज थक्क करणारा असतो. शंभर कोटींच्या आत मूळ संख्या आहेत ५,०८,४७,५३४. अंदाजाची चूक अवघी सतराशेची!

आता ही चूक किती वाढू शकेल? येथे रीमान येतो. १८५९ साली त्याने एक तर्क मांडला. सर्व आकडेमोड बाजूस ठेवून त्याचा मथितार्थ सांगायचा तर असा, की ही चूक कधीही फार बहकणार नाही. जितक्या संख्येपर्यंत आपण मोजतो तिच्या वर्गमुळाच्या आसपासच ती घुटमळत राहील. शंभर कोटींचे वर्गमूळ सुमारे एकतीस हजार सहाशे. सतराशे त्याच्या पुष्कळच आत आहे. पण कितीही मोजले तरी मोजणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे. रीमानचा तर्क सिद्ध करणे हा गणितातील मोठ्यातला मोठा प्रश्न होता आणि आजही आहे. २००० साली त्यावर दहा लाख डॉलरांचे बक्षीस लागले. ते अजून कोणी नेलेले नाही.

कोसंबी या प्रश्नाकडे वळले तेव्हा ते मुंबईस होते. १९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलाविले होते. बिऱ्हाड पुण्यास, भांडारकर इन्स्टिट्यूटच्या रस्त्यानजीक. डेक्कन क्वीनने जाऊन-येऊन काम चाले. या वर्षांत त्यांचा लौकिक बाहेर वाढला तो दुसऱ्याच क्षेत्रांत. १९४८ साली भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती निघाली. १९५६ साली हिंदुस्थानच्या इतिहासाच्या अभ्यासावरील तो गाजलेला ग्रंथ निघाला. शांतता परिषदांच्या निमित्ताने मॉस्को व पेकिंगच्या वाऱ्या झाल्या. अणुशक्तीपेक्षा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा असे ते उघडपणे प्रतिपादू लागले, आणि ज्यांच्या संस्थेत ते काम करीत होते ते तर अणुशक्तीचेच प्रवर्तक! त्यांच्या इतिहासग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यात शिरत नाही.

मूळ संख्यांविषयीची त्यांची कल्पना अशी होती. स्टेशने विरळ होत जातात ही अडचण आहे ना, मग रूळच बदलू नका, मोजपट्टी बदला. जिथे स्टेशने विरळ आहेत तिथे पट्टी ताणून घ्या. म्हणजे त्या ताणलेल्या पट्टीवर कोठेही पाहिले तरी सरासरीने एका मापात एकच स्टेशन पडेल. मग त्या पट्टीचे सारखे तुकडे करा आणि कोणत्या तुकड्यात किती मूळ संख्या सापडतात ते मोजा. कोसंब्यांचे म्हणणे असे की त्या नेमक्या योगायोगाने पडणाऱ्या वस्तूंसारख्या सापडतात. सरासरी रोज एक पत्र येणाऱ्या घरी, पत्रे जर एकमेकांवर अवलंबून नसतील, तर शंभरांतले सुमारे ३७ दिवस कोरे जातात, ३७ दिवशी एक पत्र येते, १८ दिवशी दोन, आणि उरलेल्या थोड्या दिवशी त्याहून जास्त. मूळ संख्यांची वाटणीही याच हिशेबाची. हे निरीक्षण सुंदर होते, आणि आम्हांस जेवढे समजते त्यावरून, खरेही होते. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने त्यावरील त्यांचा निबंध छापला. पुढे १९७६ साली गॅलहर या गणितज्ञाने दाखवून दिले की हार्डी व लिटलवुड यांचा एक सर्वमान्य तर्क खरा धरला तर मूळ संख्यांची वाटणी अशीच यावयास हवी.

कोसंबी एवढ्यावर थांबते तर! पण १९५९ साली त्यांनी याच वाटेने रीमानचा तर्क सिद्ध केल्याचा दावा केला, आणि तो छापला कोठे, तर हिंदुस्थानच्या कृषि-संख्याशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात. गणिताच्या जगात याने खळबळ उडाली आणि तिच्यात कुचेष्टेचा भाग मोठा होता. शंभर वर्षे जो प्रश्न युरोपातील धुरंधरांना हुलकावण्या देत आला त्याचे उत्तर पिकांचे आकडे छापणाऱ्या पत्रात निघावे! आमच्या मते ही कुचेष्टा गैरवाजवी होती. पत्र कोणते यावरून सिद्धान्त खोटा ठरत नाही. खोटा ठरला तो दुसऱ्या कारणाने, आणि ते कारण समजून घेण्याजोगे आहे.

योगायोगाचे शास्त्र ढिगाविषयी बोलते. हजार नाण्यांतले एखादे खोटे निघाले तरी ढिगाविषयीचा निष्कर्ष ढळत नाही. योगायोगाने मांडलेल्या अनंत माळा घेतल्या तर त्यांतील जवळजवळ प्रत्येक माळ रीमानचा नियम पाळील, एवढे हे शास्त्र सांगू शकते. पण मूळ संख्यांचा ढीग नाही. त्यांची माळ एकच आहे, ती कोणी फासे टाकून ओवलेली नाही, आणि तीच नेमकी त्या नियमाबाहेर पडणारी क्वचित माळ नसेल कशावरून? या प्रश्नास कोसंब्यांच्या युक्तिवादात उत्तर नव्हते. तक्षशिलेच्या नाण्यांनी त्यांना जे शिकविले होते तेच येथे आड आले. संख्याशास्त्री त्यांचे ऐकून घेत. शुद्ध गणिती मान हलवीत. ज्या वेयने त्यांना अलीगढला नेले होते त्याने रीमानच्या तर्काचे एक दुसरे, पोटातले रूप १९४० साली फ्रान्सच्या तुरुंगात बसून हाताळले होते आणि पुढे ते पुरते सिद्धही केले. पण त्याची वाट बीजगणिताची होती, फाशांची नव्हती.

याच वर्षांत एस. डुक्रे या नावाने मूळ संख्यांवर काही निबंध प्रसिद्ध झाले. हे डुक्रे म्हणजे कोसंबीच. तरुणपणी एक कल्पित रशियन निर्माण करणाऱ्या माणसाने उतरत्या वयात स्वतःच एक कल्पित नाव पांघरले. पहिल्या वेळी तो विनोद होता. दुसऱ्या वेळीही विनोदच असेल, पण त्यामागे आपल्या खऱ्या नावास आता सरळ वाट उरली नाही ही जाणीव नसेलच, असे म्हणवत नाही.

पैजेची किंमत मोजावी लागली. १९६२ साली, संस्थेची कुलाब्याची भव्य नवी वास्तू उघडली त्याच वर्षी, कोसंब्यांचा करार वाढविण्यात आला नाही. कारण केवळ मूळ संख्या हे नव्हे. भाभांशी मतभेद होते, इतिहासात व राजकारणात वेळ जातो ही तक्रार होती, आणि कोसंब्यांची जीभही होती. पण गणिताचे प्राध्यापक या नात्याने त्यांची बाजू मांडावयास गणिती पुढे आले नाहीत, याचे मूळ १९५९ च्या त्या निबंधात आहे. डेक्कन क्वीनची फेरी थांबली. पुण्याच्या घरी ते लिहीत राहिले, भोवतालच्या टेकड्यांवर हिंडून दगडी हत्यारे वेचीत राहिले, १९६५ साली प्राचीन हिंदुस्थानच्या संस्कृतीवरील ग्रंथ पुरा झाला. १९६४ साली सरकारच्या विज्ञान-संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले होते, तेवढाच आधार.

त्या काळात जगात मोठ्या मूळ संख्यांची शिकार निराळ्याच मार्गाने चालली होती. १९६३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या गणकयंत्राने, दोनाचा ११,२१३ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला की येणारी संख्या मूळ आहे असे ठरविले. तिला ३,३७६ अंक आहेत. या शोधाचे त्या गावाला एवढे कौतुक की पोस्टाचा शिक्काच तसा करून घेतला आणि तो पत्रापत्रावर उमटू लागला. २०२४ साली सापडलेली त्याच जातीची संख्या तर चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. ती छापावयाची म्हटली तर आमच्या या पत्राचे कित्येक महिन्यांचे अंक तिलाच द्यावे लागतील. कोसंब्यांना अशा एकएकट्या राक्षसी संख्येचे आकर्षण नव्हते. त्यांना सबंध माळ हवी होती.

१९६६ च्या जानेवारीत डॉ. भाभा आल्प्समधील विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनच्या पहाटे कोसंबी पुण्यास झोपेतच वारले. वय एकोणसाठीला महिना कमी. शेवटच्या दिवसांत त्यांनी मूळ संख्यांवरील एक ग्रंथ हातावेगळा केला होता. त्या ग्रंथात १९५९ ची चूक दुरुस्त झाली होती की तीच अधिक हट्टाने मांडली होती, हे पाहण्यास तो कोणाच्या हाती नाही. ग्रंथ छापला गेला नाही. हस्तलिखिताचा पत्ता लागलेला नाही.

२००८ साली टपाल खात्याने कोसंब्यांचे तिकीट काढले. २०१६ साली त्यांच्या गणिती निबंधांतले निवडक निबंध एकत्र छापून निघाले, तेव्हा जाणकारांना ते सलग वाचावयास मिळाले. वडिलांच्या वाट्याला या बाबतीत थोडे बरे दैव आले. ज्या विसुद्धिमग्गासाठी धर्मानंद आपल्या मुलांना घेऊन समुद्रापार गेले, त्याची हार्वर्डची आवृत्ती वादावादीत कित्येक वर्षे अडकून पडली होती. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी प्रायोपवेशन करून देह ठेवला तोवर ती निघालेली नव्हती. १९५० साली ती निघाली.